डोंगरातले ग्रॅव्हल मार्ग निवडताना: अंतर आणि चढाई पाहण्याआधी रस्ता कशासाठी बांधला होता ते पाहावे

खिंडीपलीकडे (धागाकर्ता)

डोंगरात ग्रॅव्हल बाईकने (खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलने) जायचे ठरले की बहुतेक जण आधी दोन आकडे पाहतात, एकूण अंतर आणि एकूण चढाई. हे आकडे लागतातच, पण मार्ग आपल्याला झेपेल की नाही हे त्यांवरून ठरवता येत नाही. ६० किलोमीटर अंतराचे आणि १,५०० मीटर चढाईचे दोन मार्ग शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांत असतात. त्यांतला एक दुपारपर्यंत निवांत पूर्ण होतो आणि दुसऱ्यावर अर्धा वेळ सायकल ढकलण्यात जातो. हा फरक कशामुळे पडतो, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत असे आहे की डोंगरातला प्रत्येक कच्चा रस्ता कोणत्या तरी कामासाठी आणि कोणत्या तरी वाहनासाठी बांधलेला असतो, आणि त्या वाहनाला जेवढा चढ चालत होता तेवढाच आज आपल्या वाट्याला येतो. त्यामुळे रस्त्याचा जन्म कसा झाला हे कळले की त्याच्या चढाचा, वळणांचा आणि बऱ्याच अंशी पृष्ठभागाचाही अंदाज घरबसल्या बांधता येतो.

सर्वांत सौम्य चढ जुन्या रेल्वेमार्गांवर मिळतो, कारण पोलादी रुळांवर पोलादी चाके लवकर घसरतात आणि वाफेच्या इंजिनाला चार टक्क्यांचा चढसुद्धा जड जात असे. कोलोरॅडोतील बोरियस पास सुमारे ३,५०० मीटरवर आणि मार्शल पास सुमारे ३,३०० मीटरवर आहे. दोन्ही खिंडींतून एकोणिसाव्या शतकात अरुंद रुळांची रेल्वे जात होती, आज तेथे खडीचे रस्ते आहेत, आणि कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा ‘ग्रेट डिव्हाइड’ सायकलमार्ग या दोन्ही खिंडींतून जातो. उंचीचा आकडा पाहून दडपण येते, पण चाकाखालचा चढ कोठेही अंगावर येत नाही. न्यूझीलंडमधील १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल त्याहून सौम्य आहे. त्याचा चढ पन्नासास एक, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर जात नाही.

त्यानंतर लष्करी रस्ते येतात, आणि माझ्या मते ग्रॅव्हल सायकलिंगसाठी यांच्याइतके उत्तम रस्ते दुसरे नाहीत. इटली आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, पश्चिम आल्प्समध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रस्त्यांचे मोठे जाळे उभे राहिले. खेचरांनी तोफा ओढून न्यायच्या असल्यामुळे चढ साधारण आठ ते दहा टक्क्यांत ठेवावा लागे, आणि उंची गाठण्यासाठी दगडी भिंतींचा आधार असलेली वळणांमागून वळणे काढावी लागत. सीमेवरच्या खिंडींवर नजर ठेवणे हाच हेतू असल्याने हे रस्ते दरीच्या तळातून न जाता धारेच्या जवळून जातात. आस्सिएत्ताचा रस्ता आणि लिमोनेकडून मोनेसीकडे जाणारी व्हिया देल साले ही याची ठळक उदाहरणे आहेत. डोंगराच्या माथ्यावर दिवसभर राहून सायकल चालवता येणे हे अशा रस्त्यांमुळेच शक्य होते.

वनखात्याचे रस्ते लाकडाच्या ट्रकसाठी असतात. वळणे रुंद असतात, चढ दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो आणि पृष्ठभागावर अनेकदा मोठी, धारदार, न दाबलेली खडी टाकलेली असते. त्यांची खरी अडचण वेगळीच आहे: ते एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी बांधलेले नसतात, तर तोडीच्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी असतात, म्हणून त्यांपैकी कितीतरी रस्ते जंगलातच संपतात. नकाशावर दोन टोके जवळ दिसली म्हणून मध्ये वाट असेलच असे धरून चालू नये.

जलविद्युत प्रकल्पांचे रस्ते विचित्र पण फार आनंददायक असतात. दरीतून पाण्याच्या पाटापर्यंत पोहोचणारा पहिला टप्पा अत्यंत तीव्र असतो, आणि एकदा पाटाची पातळी गाठली की पाण्याच्याच उताराने, म्हणजे जवळजवळ सपाट, कित्येक किलोमीटर डोंगराच्या कडेने जाता येते.

उरले ते स्कीच्या उतारांवरचे देखभालीचे रस्ते, मनोऱ्यांकडे जाणारे रस्ते आणि उंचावरच्या कुरणांपर्यंत अलीकडे यंत्राने खणलेले रस्ते. हे चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांसाठी असतात आणि त्यांवर १५ ते २० टक्क्यांचा चढ सहज भेटतो. दुसरा पर्याय असेल तर मी यांना मार्गात घेत नाही.

सभासदांनी आपापला अनुभव आणि हिशेब मांडावा.

दंतचक्र

धागाकर्त्यांचा मुद्दा पूर्णपणे पटला. त्याला आकड्यांची जोड दिली तर आठ टक्के आणि चौदा टक्के यांत एवढा फरक का जाणवतो ते स्पष्ट होईल.

सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ८५ किलो धरू, आणि हा सायकलस्वार तासन्‌तास १८० वॅट शक्ती देऊ शकतो असे मानू. खडीवरचे घर्षण लक्षात घेता आठ टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी सुमारे ८ किलोमीटर राहतो. चौदा टक्क्यांवर तो ताशी ५ किलोमीटरवर येतो, आणि वीस टक्क्यांवर ताशी पावणेचार किलोमीटरच्याही खाली जातो. सायकल ढकलत चालण्याचा वेगही साधारण तेवढाच असतो. म्हणजे वीस टक्क्यांच्या चढावर सायकलवर बसून राहण्याने वेळेची बचत जवळजवळ होत नाही, फक्त पाय लवकर संपतात.

आता गिअरकडे पाहू. ४० मिलिमीटर रुंद टायर असलेले ७०० मापाचे चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर पुढे जाते. पुढे ४० दातांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे ४२ दातांचे सर्वांत मोठे चक्र असेल तर पेडलच्या एका फेरीत सुमारे २.१ मीटर अंतर कापले जाते. ताशी ५ किलोमीटर वेगाने जाताना अशा सायकलवर मिनिटाला फक्त ४० फेऱ्या पडतात. एवढ्या कमी केडन्सवर (पेडलच्या फेऱ्यांच्या गतीवर) गुडघ्यांवर ताण येतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक फेरीत जोर एकदम पडतो आणि एकदम सुटतो, त्यामुळे सुट्या खडीवर मागचे चाक घसरते. पुढे ३० आणि मागे ४२ दात असतील तर त्याच वेगाला ५३ फेऱ्या पडतात, जोर सलग राहतो आणि चाक पकड सोडत नाही. पुढे एकच ४० दातांची चेनरिंग ठेवून मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवली तरी ४८ फेऱ्या मिळतात.

सपाट प्रदेशातल्या शर्यतींसाठी सज्ज केलेली ग्रॅव्हल बाईक दुकानातून जशी येते तशीच डोंगरात नेऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. चेनरिंग बदलण्याचा खर्च हा डोंगरी प्रवासासाठीचा सर्वांत उपयोगी खर्च आहे. त्यापुढे हलक्या चाकांवर किंवा कार्बनच्या हँडलबारवर केलेला खर्च दुय्यम ठरतो.

उभे राहून चढण्याची सवय असलेल्यांसाठी एक सूचना आहे. डांबरावर उभे राहून जोर लावता येतो, पण सुट्या खडीवर उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागीच फिरू लागते. खोगिराच्या पुढच्या टोकावर सरकून, कोपर वाकवून, छाती हँडलबारकडे झुकवावी. मग मागचे चाक भाराखाली राहते आणि पुढचेही उचलले जात नाही.

नकाशाप्रेमी

रस्ता कशासाठी बांधला हे प्रत्यक्ष कोठेही लिहिलेले नसते. ते नकाशावरून ओळखावे लागते, म्हणून त्याविषयी लिहितो.

पहिले साधन म्हणजे समोच्च रेषा. रेषांमधले उभे अंतर २० मीटर असेल आणि एका किलोमीटरमध्ये रस्ता अशा पाच रेषा ओलांडत असेल, तर तेथे सरासरी चढ दहा टक्के आहे. हे बोटाने मोजता येते आणि कोणत्याही ॲपवर अवलंबून राहावे लागत नाही. जो रस्ता समोच्च रेषांना काटकोनात छेदत सरळ वर जातो, तो यंत्राने खणलेला किंवा स्कीच्या उतारावरचा असतो. जो ठरावीक अंतराने हेअरपिन वळणे घेत रेषांना तिरका छेदतो, तो बहुधा लष्करी किंवा जुना घोडागाडीचा रस्ता असतो. जो प्रत्येक उपदरीत खोलवर आत शिरून, मोठ्या त्रिज्येचे वळण घेऊन पुन्हा बाहेर येतो आणि रेषांच्या जवळजवळ समांतर राहतो, तो जुना रेल्वेमार्ग किंवा पाण्याचा पाट असतो.

दुसरे साधन ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे सर्वांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा. त्यात कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी श्रेणी दिलेली असते, आणि पुष्कळ जण ती सायकल चालवण्यातल्या सोपेपणाची श्रेणी समजतात. ती जमीन किती घट्ट आहे याची श्रेणी आहे. ग्रेड १ म्हणजे पूर्ण घट्ट किंवा फरसबंद, आणि ग्रेड ५ म्हणजे मऊ माती किंवा गवत. मुठीएवढे दगड घट्ट रुतलेला डोंगरी रस्ता ग्रेड २ मध्ये असू शकतो आणि तरीही त्यावर ४० मिलिमीटरच्या टायरने जाणे ही शिक्षा ठरते. म्हणून श्रेणीबरोबर पृष्ठभाग आणि गुळगुळीतपणा यांच्या स्वतंत्र नोंदी असतील तर त्या वाचाव्यात, आणि उपग्रहचित्रही पाहावे. चित्रात रस्त्याच्या मधोमध गवताची हिरवी पट्टी दिसली तर वाहतूक कमी आहे असे समजावे. पांढरी, रुंद, सलग रेषा दिसली तर बहुधा गाड्या नियमित जातात.

चढाईच्या आकड्याबद्दल विशेष सावध राहावे असे मला वाटते. मार्ग आखणारी संकेतस्थळे उंचीच्या जाळ्यावरून हिशेब करतात, आणि त्या जाळ्याचा एक चौकोन पुष्कळदा ३० मीटर किंवा त्याहून मोठा असतो. ३५ अंशांच्या डोंगरउतारावर आखलेली रेषा खऱ्या रस्त्यापासून १० मीटर बाजूला सरकली तरी उंचीत ७ मीटरची चूक होते. कड्याच्या कडेने जाणाऱ्या सपाट रस्त्यावरही त्यामुळे खोटे चढउतार तयार होतात, आणि सगळे मिळून एकूण चढाई शेकडो मीटरनी फुगते. बोगदे आणि पूल यांच्या जागी तर आलेख थेट डोंगरावर चढतो किंवा दरीत उतरतो. याच्या उलट, आलेख गुळगुळीत करताना शंभर-दीडशे मीटरचा तीव्र टप्पा सरासरीत नाहीसा होतो. म्हणजे एकूण आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा आणि सर्वांत कठीण जागा प्रत्यक्षापेक्षा सौम्य, अशा दोन्ही चुका एकाच आलेखात असू शकतात. धागाकर्त्यांनी सुचवलेली पद्धत मला म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते.

ओली माती

चढाविषयी चांगली चर्चा झाली आहे. पृष्ठभागाविषयी मात्र रस्त्याच्या हेतूइतकाच त्याच्याखालचा खडक महत्त्वाचा आहे, असे मला नोंदवायचे आहे.

चुनखडकाचा रस्ता बहुतेक वेळा उत्तम असतो, कारण त्याची बारीक भुकटी पाण्याने भिजून आणि चाकांखाली दाबली जाऊन घट्ट बसते. व्हिया देल साले ज्या मार्ग्वारेइस डोंगरसमूहातून जाते तो असाच चुनखडकाचा आहे. पण याच खडकाची दुसरी बाजू म्हणजे पावसाचे पाणी भेगांतून सरळ जमिनीखाली जाते आणि माथ्यावर ओढे राहत नाहीत. आल्प्समध्ये आहोत म्हणजे पावलोपावली पाणी मिळेल, या समजुतीने तेथे जाणाऱ्याचे हाल होतात. अशा भागात दिवसाचे सगळे पाणी बरोबर न्यावे.

ग्रॅनाइट वेगळा वागतो. हवामानाने तो झिजतो तेव्हा त्याचे दाणे सुटे होतात आणि घट्ट जमिनीवर जाड रव्यासारखा थर पसरतो. कोलोरॅडोतील पाइक्स पीकच्या परिसरातला गुलाबी ग्रॅनाइट यासाठी प्रसिद्ध आहे. सरळ रेषेत काही जाणवत नाही, पण वळणावर पुढचे चाक एकदम बाजूला जाते. अशा ठिकाणी ब्रेक वळणाआधी संपवावेत आणि वळणात केवळ चाक फिरू द्यावे. स्लेटसारखे पापुद्र्यांचे खडक टायरच्या बाजूच्या भिंती कापतात, आणि तेथे सीलंट (टायरमधले छिद्र बुजवणारा द्रव) पुरेसे पडत नाही. आतून लावायचे ठिगळ आणि एक सुटी ट्यूब जवळ असायलाच हवी.

चिकणमातीबद्दल तर मी हट्टानेच सांगेन. न्यू मेक्सिकोतील ग्रेट डिव्हाइडचे काही टप्पे कोरडे असताना सुंदर असतात, आणि पाऊस पडला की चाक फिरणे अशक्य होते. माती टायरला चिकटते, तिच्यात खडी अडकते, फोर्क आणि चाक यांच्यातली जागा भरून जाते, आणि जोर लावून पुढे जायचा प्रयत्न केला तर मागच्या डेरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) टेकू तुटतो. त्यावर थांबणे हा एकमेव उपाय आहे. ऊन आणि वारा असेल तर माती पुष्कळदा काही तासांत पुन्हा चालण्याजोगी होते.

गाड्यांच्या वर्दळीने रस्त्यावर आडव्या लाटा पडतात, त्यालाही रस्त्याचा वापर कारणीभूत असतो. कोरड्या, सुट्या पृष्ठभागावर गाड्या ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने गेल्या की चाके उसळतात, आपटतात आणि लाट तयार होते. पुढची प्रत्येक गाडी ती वाढवते. जेथे गाड्या वेग वाढवतात किंवा ब्रेक दाबतात, म्हणजे चढांवर आणि वळणांच्या आधी, तेथे त्या जास्त असतात. रस्त्याच्या अगदी कडेला बहुतेक वेळा दोन हात रुंदीची गुळगुळीत पट्टी सापडते. टायरमधली हवा कमी ठेवल्याचा येथे मोठा उपयोग होतो: ट्यूबलेस टायर, ४५ मिलिमीटर रुंदी आणि मध्यम वजनाचा सायकलस्वार असेल तर ३० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायरवर ८० पीएसआय ही कमाल मर्यादा छापलेली असली तरी तेवढी हवा भरायची नसते.

पहिली खिंड

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. मी या प्रकारात नवीन आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात इटलीतील सुसाहून फिनेस्ट्रे खिंड, तेथून आस्सिएत्ताचा रस्ता, सेस्ट्रिएरे आणि डांबरी रस्त्याने परत सुसा असा फेरा करण्याचा विचार आहे. फेरा कोणत्या दिशेने करावा हे कळत नाही. फिनेस्ट्रेचा खडीचा भाग चढताना घ्यावा की उतरताना? आणि हे एका दिवसात करण्याजोगे आहे का?

खिंडीपलीकडे (धागाकर्ता)

तुम्ही निवडलेला फेरा या धाग्याच्या विषयाला अगदी साजेसा आहे. फिनेस्ट्रे खिंड २,१७८ मीटरवर आहे. सुसाकडून चढ सुमारे साडेअठरा किलोमीटरचा असून सरासरी नऊ टक्क्यांच्या वर आहे, आणि शेवटचे जवळपास आठ किलोमीटर खडीचे आहेत. जिरो द’इटालिया ही इटलीतली मोठी सायकल शर्यत या खिंडीतून प्रथम २००५ मध्ये गेली, आणि २०१८ मध्ये क्रिस फ्रूमने शेवटच्या रेषेपासून सुमारे ८० किलोमीटर आधी येथेच एकदम वेग वाढवून, इतरांना मागे टाकून शर्यत फिरवली. चढ तीव्र आहे, पण त्याची तीव्रता विलक्षण एकसारखी आहे. अचानक अठरा टक्क्यांची भिंत समोर येत नाही.

माझे उत्तर स्पष्ट आहे: सुट्या खडीचा तीव्र भाग चढताना घ्यावा आणि उतरण डांबरावर घ्यावी. फिनेस्ट्रे सुसाकडून चढा, खिंडीपलीकडे थोडे उतरून पियान देल्लाल्पेपासून आस्सिएत्ताच्या रस्त्याला लागा आणि सेस्ट्रिएरेहून डांबरी रस्त्याने परत या.

उतारावर

या ठिकाणी मी नम्रपणे मतभेद नोंदवतो. चढताना डांबर आणि उतरताना खडी घेतली तर चढण्याची शक्ती घर्षणात वाया जात नाही, आणि खडीवरची उतरण हाच या प्रकारातला सर्वांत मोठा आनंद आहे. मार्शल पासच्या रस्त्यावर तीन-चार टक्क्यांच्या उतारावर तासभर ब्रेकला जवळजवळ हात न लावता उतरता येते. सगळ्याच खडीच्या उतारांना धोकादायक ठरवणे योग्य होणार नाही.

दंतचक्र

दोघांचेही म्हणणे आपापल्या चढाला लागू आहे, आणि त्यामागचे कारण आकड्यांत दिसते. ८५ किलो वजन १,००० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ८३० किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरताना तिचा मोठा वाटा वारा शोषून घेतो. दहा टक्क्यांच्या सुट्या खडीवर आपण ताशी १५ किलोमीटरने उतरतो, तेव्हा वाऱ्याचा विरोध नगण्य असतो आणि खडीच्या घर्षणाने जाते तेवढी सोडून उरलेली बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. डिस्क तापतात, रेझिनचे पॅड झिजतात आणि तेवढ्यातच हातांची पकडही थकते. तीन-चार टक्क्यांच्या रेल्वेमार्गावर खडीचे घर्षणच गुरुत्वाकर्षणाचा बराच भाग खाऊन टाकते, म्हणून तेथे ब्रेक लागत नाहीत. पाच-सहा टक्क्यांपर्यंत खडीची उतरण आनंदाची असते. त्यापुढे, विशेषतः सामान लादलेल्या सायकलवर, धागाकर्त्यांचा सल्ला मानावा. मार्गात लांब आणि तीव्र खडीची उतरण टाळता येत नसेल तर धातुमिश्रित पॅड बसवावेत, ब्रेक सतत ओढून न धरता थोडा वेळ जोरात दाबून सोडावेत आणि हात ड्रॉप्सवर (हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर) ठेवावेत, म्हणजे एक-दोन बोटांनीही पुरेसा जोर मिळतो.

नकाशाप्रेमी

‘पहिली खिंड’ यांच्यासाठी दोन नोंदी. आस्सिएत्ताच्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मोटारींना बंदी असते. शक्य असेल तर यांपैकी एक दिवस निवडा. धुळीचा आणि मोटारसायकलींचा त्रास टळतो. हा रस्ता बहुतांश २,००० मीटरच्या वरच राहतो आणि साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच काळ बर्फमुक्त असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींत जूनमध्येही बर्फाचे पट्टे राहतात. दुपारनंतर आल्प्समध्ये विजांसह पाऊस येण्याची शक्यता नेहमीच असते आणि धारेवर आडोसा नाही, म्हणून पहाटे निघावे.

पाट आणि ओढे

याहून उंच भागात जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. उंची वाढली की हवेचा दाब आणि त्याबरोबर मिळणारा प्राणवायू कमी होतो: ३,५०० मीटरवर समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के आणि ४,५०० मीटरवर सुमारे ५७ टक्के. वर दिलेले १८० वॅट तेथे गृहीत धरता येत नाहीत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा सर्वमान्य नियम आहे. सायकलस्वारांना तो पाळणे अवघड जाते, कारण पाय चालत असतात आणि मुक्काम पुढच्या खिंडीपलीकडे ठरलेला असतो. मार्ग आखताना मुक्कामांची उंची आधी लिहावी आणि रोजचे अंतर त्यानंतर ठरवावे.

हिमनद्यांच्या प्रदेशात दिवसाची वेळही मार्गाचाच भाग असते. हिमाचल प्रदेशातील लाहौलमधून ४,५५१ मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीकडे जाणाऱ्या ग्रांफू ते बातल या टप्प्यावर ओढे थेट रस्त्यावरून वाहतात. पहाटे त्यांत घोटाभर पाणी असते आणि दुपारी उन्हाने बर्फ वितळले की तेच ओढे मांडीपर्यंत येतात व खालचे गोटे सरकू लागतात. तेथे किती किलोमीटर जायचे यापेक्षा कोणता ओढा किती वाजता गाठायचा हे आधी ठरवावे लागते. ओढा ओलांडताना सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवावी, म्हणजे पाण्याच्या जोराने ती अंगावर येत नाही.

ओली माती

कुरणांवरच्या राखणदार कुत्र्यांचा उल्लेख राहिला. लांडगे परतल्यापासून पश्चिम आल्प्समध्ये मेंढ्यांच्या कळपांबरोबर मोठी कुत्री असतात, आणि वेगाने येणारी सायकल त्यांना हल्ल्यासारखी वाटते. कळप दिसताच वेग कमी करावा, कुत्रे पुढे आले तर उतरावे, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी, शांत आवाजात बोलत कळपाला लांबून वळसा घालावा. पळण्याचा किंवा दगड उचलण्याचा प्रयत्न करू नये. वाटेतले फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. हे रस्ते आपल्यासाठी खुले आहेत ते तेथे गुरे राखणाऱ्यांच्या सहनशीलतेमुळे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पहिली खिंड

खूप मदत झाली. एका दिवसात होईल का, एवढा एकच प्रश्न उरला आहे. माझी शक्ती ‘दंतचक्र’ यांनी धरली आहे त्याच्या जवळपास आहे आणि सायकलवर पुढे ३० दातांची चेनरिंग आहे.

खिंडीपलीकडे (धागाकर्ता)

होईल, पण हिशेब किलोमीटरांत न करता तासांत करा. खडीवर सामानासह ताशी ५०० ते ६०० मीटर उंची गाठता येते. सुसा सुमारे ५०० मीटरवर आहे, म्हणजे फिनेस्ट्रेपर्यंत जवळपास १,७०० मीटर चढाई, आणि त्याला तीन ते साडेतीन तास धरा. पुढचा आस्सिएत्ताचा रस्ता ३० किलोमीटरहून थोडा लांब आहे. तो धारेवर असला तरी सपाट नाही, पुनःपुन्हा खाली जातो आणि वर येतो, आणि त्याचा सर्वोच्च भाग २,५०० मीटरच्या जवळ आहे. तेथे सरासरी वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. सेस्ट्रिएरेहून सुसापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि तो बहुतांश उताराचा आहे, त्याला दोन तास पुरतील. थांबे धरून हा नऊ-दहा तासांचा दिवस आहे.

सकाळी सहाला निघालात तर दहाच्या आधी खिंडीत असायला हवे. अकरापर्यंतही खिंड आली नाही किंवा पश्चिमेकडे ढग उंच चढू लागले, तर आस्सिएत्ताला न जाता पलीकडच्या डांबरी रस्त्याने फेनेस्ट्रेल्लेकडे उतरा आणि दरीतच मुक्काम करा. आस्सिएत्ताच्या रस्त्यावर पुढे गेल्यानंतर हवामान बिघडले तर शेवटच्या भागात बासे खिंडीतून साउझे दुल्क्सकडे उतरण्याची सोय आहे. तो रस्ताही खडीचा आहे, म्हणून ब्रेकचे पॅड निघण्याआधी तपासून घ्या. पाणी फिनेस्ट्रेच्या डांबरी भागातल्या वस्तीवरच पूर्ण भरा, कारण खडी सुरू झाल्यापासून खिंडीपर्यंत तुमचा वेग सर्वांत कमी आणि तहान सर्वांत जास्त असेल.